मठारलेला सिनेमा

कसब्यातल्या तांबट आळीत सकाळी पाऊल टाकलं की आधी ठोके ऐकू येतात, भांडी मागाहून दिसतात. बंबावर, घंगाळावर मठार चाललेलं असतं. ठोक्याशेजारी ठोका, खळग्याशेजारी खळगा. त्यानं पत्रा कणखर होतो आणि भांड्यावर उजेड असा खेळतो, की नुसतं बघत बसावं.

हे ठोके आमच्या खिडकीतून थेट घरात येतात. खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक आणि त्याला वायरीनं जोडलेला ब्लू-रे ड्राइव्ह. भाच्यानं अमेरिकेहून ‘पथेर पांचाली’ची ब्लू-रे आणली. ती आत सरकवताना एकदम लक्षात आलं, की अरे, हीसुद्धा मठारलेलीच आहे की!

पण किती बारीक, याचा जरा अंदाज करा. बारा सेंटिमीटरच्या या तबकडीत खळग्यांची एकच रांग चकलीसारखी आतून बाहेर वळत जाते. दोन वेढ्यांमधलं अंतर ०.३२ मायक्रॉन. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे दोनशे वेढे बसतील! ही चकली उलगडून सरळ केली तर भरते सुमारे २७ किलोमीटर. एक टोक शनिवारवाड्यापाशी धरलंत, तर दुसरं सिंहगडाच्या पायथ्याशी पोचेल. हे एका थराचं झालं. पुष्कळ डिस्कमध्ये एकावर एक दोन थर असतात. आणि तांबटासारखा एकेक ठोका मारायची सोय इथे नाही. साच्यात तापलेलं प्लास्टिक दाबलं, की थरावरचे सगळे खळगे एकदम उमटतात.

हे वाचायचं कशानं? डीव्हीडीचा लाल किरण ६५० नॅनोमीटरचा. त्यानं या ओळी वाचायला जाणं म्हणजे जाड बोरूनं तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिणं. टोक बारीक हवं, म्हणजे प्रकाशाची लाट आखूड हवी. म्हणजे निळा-जांभळा लेसर हवा, आणि तोच कितीतरी वर्षं कुणाला जमेना. १९९०च्या दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकातून आधी तेजस्वी निळा दिवा पेटवला आणि मग लेसरही. निळ्या दिव्याबद्दल त्यांना इसामू आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्याबरोबर २०१४चं नोबेल मिळालं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बच्या पोटात तशाच निळ्या दिव्याचा उजेड असतो. ब्लू-रेचा किरण ४०५ नॅनोमीटरचा. नाव निळ्याचं असलं तरी खरा रंग जांभळा!

आता मला सगळ्यात देखणी वाटणारी युक्ती. खळग्याची खोली अशी बेतलेली असते, की तळाला टेकून परतणारा प्रकाश काठावरून परतणाऱ्यापेक्षा जवळपास अर्धी लाट मागे राहतो. एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली. दोघं भेटतात आणि एकमेकांना पुसत जातात. प्रकाशात प्रकाश मिसळला आणि झाला अंधार! उजेड कमी-जास्त होतो, त्यातूनच आकडे आणि आकड्यांतून सगळा सिनेमा वाचला जातो. तोही तबकडी मिनिटाला हजारावर फेऱ्या घेत, थोडी डुगडुगत असताना. इवलंसं भिंग तारेच्या वेटोळ्यांच्या जोरावर वर-खाली होत तिच्या मागे धावतं. बारीकसारीक ओरखड्यांनी गाळलेले आकडे गणितानं भरून निघतात.

आता सिनेमा लागायला हवा, नाही का? माझा लागला नाही. ‘बीडीएमव्ही’ नावाचा फोल्डर दिसला, आत भल्यामोठ्या फाइली दिसल्या. एक उघडली, तर पडदा काळाच.

कारण सिनेमा कुलपात असतो. शक्य तेवढ्या किल्ल्या मोजायच्या तर ३४ लिहून पुढे ३७ शून्यं द्यावी लागतील. आणि योग्य किल्ली कुठेही अखंड ठेवलेली नाही! परवानाधारक प्लेयरकडे, म्हणजे सिनेमा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, स्वतःच्या गुप्त किल्ल्या असतात. डिस्कवर त्यांच्याशी जुळणारा मजकूर असतो. तिसरी गोष्ट म्हणजे डिस्कवरची एक छुपी खूण. ती ड्राइव्ह वाचतो, पण समोरच्या प्लेयरची ओळख पटल्याशिवाय सांगत नाही. तिघं जमले, की त्यांच्यातून किल्ली घडते. एखाद्या प्लेयरचं गुपित फुटलं तर पुढच्या डिस्क त्याला बाद करूनच कारखान्यातून निघतात, म्हणून प्लेयर अद्ययावत ठेवावा लागतो. शिवाय माझी डिस्क ‘ए’ विभागाची आणि भारत ‘सी’ विभागात. प्लेयरमध्ये विभाग बदलता येतो, पण मोजक्याच वेळा. असा प्लेयर बसवला, विभाग बदलला, आणि पडदा उजळला.

पण एवढा सिनेमा तिथे मावला कसा? एका चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला २४ चित्रं. दोन तासांचा रंगीत सिनेमा जसाच्या तसा ठेवायचा तर हजार गिगाबाइटहून जास्त जागा लागेल. दोन थरांच्या डिस्कवर जागा ५०! म्हणून पुष्कळ चित्रं पूर्ण लिहीतच नाहीत. फक्त काय हललं, कुठे सरकलं, तेवढं टिपतात. मागची भिंत तशीच आहे ना? मग ती आधीच्या चित्रातून घ्या. संगणकातली चिप सेकंदाला २४ वेळा ही जुळणी करते.

आणि मग पडद्यावर अपू-दुर्गा ही भावंडं आगगाडी बघायला धावतात, चहूकडे काश-गवताचे पांढरे तुरे. इथे काहीच स्थिर नाही, तुरा न् तुरा डुलतोय. अशा ठिकाणी बचतीला वाव कमी, आकडे सढळ हातानं खर्चावे लागतात. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनमधल्या एका आगीत होरपळली होती. त्यातून वाचलेल्या तुकड्यांवर इटलीत बोलोन्याला काम झालं, उरलेलं इतर प्रतींमधून घेतलं आणि २०१५मध्ये हा सिनेमा पुन्हा असा उजळ दिसला. मी ते गवत तीनदा मागे नेऊन पाहिलं.

घरी एखादी जुनी सीडी असेलच. ती आणि ब्लू-रे खिडकीतल्या उन्हात शेजारी शेजारी धरा. सीडीवर सप्तरंग उधळतात, कारण तिचे वेढे १.६ मायक्रॉनवर, चांगले ऐसपैस. ब्लू-रे मात्र काळसर, मुकी दिसेल. तिचे वेढे इतके दाटीचे, की लाल प्रकाशाची लांब लाट त्यांच्यावरून रंग होऊन फुटणं फार कठीण. आता तबकडी हळूहळू तिरपी करा, अजून थोडी. तो बघा, कडेला निळा उमटला.