लोकलने गाठायचं रान

मुंबईतलं सर्वांत उंच ठिकाण कोणत्या टॉवरच्या गच्चीवर असेल? कुठल्याच नाही! ते आहे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. जांभूळमाळ, उंची सुमारे 468 मीटर. शहरातला एकही टॉवर अजून तिथवर पोचलेला नाही. बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की थोड्याच वेळात या 104 चौरस किलोमीटरच्या जंगलाच्या दारात उभे राहता. विहार आणि तुळशी ही मुंबईला पाणी पाजणारी दोन तळी याच रानात आहेत, आणि विहारमध्ये मगरीही आहेत. दहिसर नदी याच डोंगरांतून निघते, आणि 2005च्या जुलैतल्या महापुरात शहराला हिसका दाखवणारी मिठी नदीही.

गेटपासून कान्हेरीची बौद्ध लेणी साधारण सहा किलोमीटर. बस मिळते, पण थंडीच्या दिवसांत सकाळी पायीच जावं. लेणी शंभराहून जास्त आहेत. बहुतेक लोक तीन नंबरचं चैत्यगृह बघून, फोटो काढून परततात. तसं करू नका, वरच्या पायऱ्या चढा. जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी, म्हणजे भिक्षूंच्या निवासलेण्याशेजारी, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसेल. मग वाकून कातळ नीट पाहा. पावसाचं पाणी टाक्याकडे वळवायला बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत आणि त्या आजही दिसतात. पावसाळ्यात धो धो आणि उन्हाळ्यात थेंब नाही, अशा डोंगरावर भिक्षूंची वस्ती शतकानुशतकं टिकली ती या पन्हळींच्या जोरावर. चैत्यगृहाइतकाच मान मी त्यांनाही देईन.

नव्वद नंबरच्या लेण्यात आणखी एक गंमत आहे. इसवी सन 1009 आणि 1021 मध्ये इथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं तारखेसकट कोरून ठेवली आहेत. म्हणजे कान्हेरीची सहल किमान हजार वर्षं जुनी! (आता मात्र भिंतीवर नाव कोरलंत तर थेट गुन्हा दाखल होईल.)

बिबट्या दिसेल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बहुधा नाही, पण त्याने तुम्हाला पाहिलेलं असू शकतं. 2015च्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत या परिसरात 35 बिबटे मोजले गेले. शहराने वेढलेल्या जंगलासाठी हा आकडा थक्क करणारा आहे. इथल्या वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. बिबट्याच्या शेजारी राहायचं कसं, हे पाड्यांना शहराच्या कितीतरी आधी समजलं होतं.

त्याच पाड्यांवर घराचा कूड पाहा. तो कारवीच्या काठ्यांचा, वरून शेणमातीने लिंपलेला. ही कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम जांभळा करते, बी धरते आणि मरून जाते. इथे ती 2016 आणि 2024 मध्ये फुलली. हिशेब चुकला नाही तर पुढचा बहर 2032 मध्ये. तेव्हाचे शनिवार-रविवार आत्ताच राखून ठेवा!

पावसाळ्यात झाडाच्या खोडावर पसाभर रुंदीचा तांबूस पतंग बसलेला दिसला तर तो अॅटलास. प्रौढ पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना जे खाल्लं त्याच शिदोरीवर तो थोडे दिवस जगतो, जोडीदार शोधतो आणि संपतो. लहान जिवांच्या नावांच्याही गोष्टी आहेत. उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीतल्या एका विंचवाच्या जातीला 2010 मध्ये ‘लायकस आरेएन्सिस’ हे शास्त्रीय नाव मिळालं. ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये ‘आयसियस तुकारामी’ म्हटलं गेलं, ते 26/11च्या हल्ल्यात दहशतवादी कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. याहून सुंदर स्मारक मला तरी सुचत नाही.

थोडं लांब जायची तयारी असेल तर पनवेलपुढे, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनच दिसतो. सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात, म्हणून वर धूर नको, आरडाओरडा नको, अत्तरही नको. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं शिरढोण गाव इथून जवळच, आणि त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते.

पण कर्नाळ्याचा खरा मानकरी तिबोटी खंड्या. चिमणीपेक्षाही लहान, अंगावर निळा, जांभळा, नारिंगी असे रंग, आणि पायाला तीनच बोटं. पहिल्या पावसाबरोबर तो येतो, ओढ्याकाठच्या मातीत बोगदा खणून अंडी घालतो आणि पिल्लांना सापसुरळ्या, बेडक्या, खेकडे भरवतो. घरट्यासमोर कॅमेरे घेऊन गर्दी झाली की आईबाप चोचीत घास धरून लांब फांदीवर ताटकळतात आणि आत पिल्लं उपाशी राहतात. म्हणून बोगदा दिसला तर लगेच मागे सरका. ओढ्याच्या वरच्या अंगाला दूर बसून दुर्बीण लावा, पाखरू आपल्या वाटेने येतंच.

निघण्याआधी एवढं बघा: बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद असतं. शिलोंडासारख्या आतल्या निसर्गवाटांना वनविभागाची परवानगी लागते, ती आधीच काढा. पाण्याची बाटली घ्या, रंग मातकट घाला, आणि ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा.