अंतःस्थापित प्रणालींतील बहुसूत्रण व बहुप्रक्रियण

अंतःस्थापित प्रणालींतील बहुसूत्रण व बहुप्रक्रियण : एखाद्या यंत्राच्या वा उपकरणाच्या अंगीच बसविलेल्या व त्याचे नियंत्रण करणाऱ्या संगणकीय व्यवस्थेस अंतःस्थापित प्रणाली म्हणतात. धुलाई यंत्र, मोटारगाडीच्या एंजिनाचा नियंत्रक, रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारा पंप, विमानाची उड्डाण-नियंत्रण यंत्रणा व अवकाशयान यांतील संगणक ही तिची उदाहरणे होत. संवेदकांची वाचने घेणे, नियंत्रणाचे गणित करणे, पडद्यावर माहिती दाखविणे, इतर यंत्रांशी संदेशांची देवघेव करणे इ. कामे अशा प्रणालीस जवळजवळ एकाच वेळी सांभाळावी लागतात. त्यांची विभागणी करण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एकाच स्मृतीत वावरणारी अनेक कार्यसूत्रे चालविणे म्हणजे बहुसूत्रण किंवा मल्टिथ्रेडिंग आणि प्रत्येकीची स्मृती अलग राखून अनेक स्वतंत्र प्रक्रिया चालविणे म्हणजे बहुप्रक्रियण किंवा मल्टिप्रोसेसिंग होय. ही दुसरी संज्ञा एकाहून अधिक प्रक्रियक असलेल्या संगणकासही लावतात. त्या अर्थाचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

मूलभूत भेद : प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेला कार्यक्रम होय. तिला स्वतःचे पत्ताक्षेत्र असते आणि स्मृति-व्यवस्थापन एकक हे विद्युत् मंडल एका प्रक्रियेस दुसरीच्या स्मृतीत शिरू देत नाही. सूत्र किंवा थ्रेड हा प्रक्रियेच्या आत चालणारा आज्ञांचा एक प्रवाह असतो. प्रत्येक सूत्राची रजिस्टरांतील मूल्ये व स्वतःची चळत म्हणजे स्टॅक एवढेच वेगळे असते. आज्ञा, सामाईक चलपदे व उघडलेल्या फायली सर्व सूत्रांच्या समाईक असतात. यामुळे सूत्र निर्माण करणे व एका सूत्रावरून दुसऱ्यावर जाणे कमी वेळात होते आणि माहिती देण्यासाठी सामाईक स्मृतीत लिहिणे पुरते. प्रक्रियांना मात्र संदेश, नळी म्हणजे पाइप किंवा मुद्दाम मांडलेली सामाईक स्मृती यांचा आधार घ्यावा लागतो.

पुष्कळदा ही निवड चिपच करून टाकते. कॉर्टेक्स-एम वर्गातील लहान नियंत्रकांत स्मृति-व्यवस्थापन एकक नसते. फ्रीआरटीओएससारख्या कार्यकारी प्रणालीत ज्यांना ‘टास्क’ म्हणतात ती वस्तुतः सूत्रेच असतात. यांपैकी काही चिपांत असणारे स्मृति-संरक्षण एकक स्मृतीच्या मोजक्या विभागांना कुंपण घालू शकते. परंतु त्यामुळे पूर्ण अर्थाने प्रक्रिया निर्माण होत नाही.

सामाईक स्मृतीतील धोके : एखाद्या गणकाचे मूल्य एकाने वाढविणे हे दिसावयास एक कृत्य असले, तरी यंत्राच्या दृष्टीने बहुधा तीन कृत्ये असतात : मूल्य वाचणे, एक मिळविणे व परत लिहिणे. पहिल्या सूत्राने मूल्य वाचल्यावर दुसरे सूत्र मध्येच चालू झाले व त्यानेही तेच मूल्य वाचले, तर दोन वाढींऐवजी एकच नोंदली जाते. निकाल असा वेळेच्या योगायोगावर अवलंबून राहण्यास शर्यत-स्थिती म्हणतात. असा दोष क्वचितच प्रकट होत असल्याने चाचण्यांतून सहज निसटतो.

थेराक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे या धोक्याचे गांभीर्य जगापुढे आले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना या यंत्रातून प्राणघातक ठरू शकेल इतकी अतिरिक्त मात्रा मिळाली व त्यांपैकी काही दगावले. पीडीपी-११ संगणकावरील त्याच्या कार्यक्रमात निरनिराळी कामे सामाईक चलपदांद्वारे एकमेकांना माहिती देत व त्या चलपदांच्या वाचन-लेखनास पुरेसे संरक्षण नव्हते. चालकाने भरलेली माहिती चुंबके स्थिर होण्याच्या सुमारे ८ सेकंदांच्या आतच दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती पडद्यावर दिसे. परंतु यंत्राच्या मांडणीत उतरत नसे. शिवाय आधीच्या प्रतिकृतींतील यांत्रिक व विद्युतीय अटकाव यात काढून सुरक्षिततेचा भार कार्यक्रमावर टाकलेला होता. कामे वेगळ्या प्रक्रियांत ठेवली असती, तर चलपदे नकळत सामाईक राहिली नसती. तथापि संदेशांचा क्रम चुकल्यास तशाच प्रकारचा दोष प्रक्रियांतही उद्भवू शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शर्यत टाळण्यासाठी सेमाफोर व कुलूप म्हणजे म्यूटेक्स ही साधने वापरतात. सेमाफोरची कल्पना एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी १९६०–७० या दशकात मांडली. कुलुपांमुळे मात्र नवे प्रश्न उद्भवतात. दोन सूत्रे एकमेकांजवळील कुलुपाची वाट पाहत कायमची अडून राहणे यास परस्परकोंडी म्हणतात. अग्रक्रम-विपर्यास हा दुसरा प्रश्न होय. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने वारंवार आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानविषयक माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ कामाने एक कुलूप धरले होते. त्याच कुलुपासाठी माहितीवहन मार्गाचे वरिष्ठ काम थांबले होते. आणि मधल्या अग्रक्रमाचे संदेशवहनाचे काम कनिष्ठ कामास पुढे सरकू देत नव्हते. वरिष्ठ काम वेळेत पुरे न झाल्याचे आढळताच संपूर्ण संगणक पुन्हा सुरू केला जाई. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिरूपात हा दोष घडवून पाहिला आणि कुलूप धरणाऱ्या कामास वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तात्पुरता देणारी अग्रक्रम-वारसा ही सोय दूरून चालू केली. हा दोष स्मृती बिघडल्यामुळे झालेला नव्हता. म्हणून केवळ प्रक्रिया वेगळ्या करून तो टळला नसता. सामाईक साधन व कुलूप जेथे आहे तेथे तो संभवतो.

अलगतेचे लाभ व मूल्य : एका सूत्राने चुकीच्या पत्त्यावर लिहिले, तर साऱ्या सूत्रांची माहिती बिघडू शकते. तीच चूक वेगळ्या प्रक्रियेत घडल्यास बहुधा ती एकच प्रक्रिया बंद पडते व तिला पुन्हा सुरू करता येते. क्यूएनएक्स या कार्यकारी प्रणालीत उपकरण-चालकही स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालतात ते याच कारणाने. विमानांतील संगणकांसाठी असलेल्या एआरिंक ६५३ या मानकात प्रत्येक विभागास स्मृतीचा व कालावधीचाही निश्चित हिस्सा नेमून दिलेला असतो. त्यामुळे कमी महत्त्वाच्या कार्यक्रमातील दोष अधिक महत्त्वाच्या कार्यक्रमास बाधत नाही. या लाभाचे मूल्य अधिक स्मृती, संदेशांची नक्कल करण्यातील वेळ आणि प्रक्रिया बदलताना पत्तानोंदींची होणारी उलथापालथ या रूपांत द्यावे लागते.

कालमर्यादा : काम ठराविक मुदतीत पुरे होईल की नाही, हे मुख्यत्वे अनुसूचकावर अवलंबून असते, सूत्र की प्रक्रिया यावर नव्हे. लियू व लेलँड यांनी १९७३ मध्ये दाखविले की, एका प्रक्रियकावरील परस्परांपासून स्वतंत्र अशा आवर्ती कामांना, ज्याचा आवर्तकाल लहान त्याचा अग्रक्रम वरचा, या नियमाने चालविल्यास व मुदत आवर्तकालाइतकीच असल्यास, एकूण भार दोन कामांसाठी ८२.८ टक्के व कितीही कामांसाठी ६९.३ टक्के यांहून अधिक नसेल, तर सर्व मुदती निश्चितपणे पाळल्या जातात. कामे कुलुपासाठी थांबत असतील, तर तो विलंबही हिशेबात धरावा लागतो.

अनेक प्रक्रियक : एका चिपेवर अनेक गाभे असल्यास सूत्रे व प्रक्रिया दोन्ही खरोखर समांतर चालू शकतात. मात्र अ‍ॅमडाल यांच्या नियमानुसार कामाचा ८० टक्के भागच समांतर होण्याजोगा असेल, तर चार गाभ्यांवर वेग चौपट न होता अडीचपट होतो. सामाईक जलदस्मृती व माहितीवहन मार्ग यांवरील स्पर्धेमुळे कमाल विलंबाचे अनुमान कठीण होते. म्हणून काही रचनांत एका गाभ्यावर लिनक्स व दुसऱ्यावर लहान वास्तवकालीन कार्यकारी प्रणाली, अशी असममित मांडणी करतात.

निवडीचे निकष : एकाच फेरीत चालणारा कार्यक्रम व काही व्यत्यय एवढ्यावर भागत असेल, तर दोन्ही पद्धती टाळणेच श्रेयस्कर होय. कामे एकाच माहितीवर वारंवार चालणारी, अत्यल्प विलंबाची व सारखीच विश्वसनीय असतील, तर सूत्रे सोयीची ठरतात. बाहेरून आलेल्या अविश्वसनीय माहितीचा अर्थ लावणारे, वेगळ्या गटाने लिहिलेले अथवा कमी तपासलेले काम मात्र स्वतंत्र प्रक्रियेत ठेवावे. उदा., औषध-पंपात मोटारीचे नियंत्रण व दाबाचे मापन ही एकाच प्रक्रियेतील दोन सूत्रे असू शकतात. पडदा व जालसंपर्क यांच्यासाठी वेगवेगळ्या प्रक्रिया योजाव्या; मग जालसंपर्काची प्रक्रिया कोसळली, तरी तिच्याबरोबर मात्रा-नियंत्रण बंद पडत नाही. संपूर्ण संगणकच थांबल्यास मोटार बंद करून इशारा देणारे स्वतंत्र विद्युत् मंडल याखेरीज हवेच. थेराक-२५ मध्ये काढून टाकलेल्या अटकावांचे कार्य हेच होते. विभागणी कशीही केली, तरी हा शेवटचा अटकाव कार्यक्रमाच्या बाहेर असावा लागतो.