शिरेतून हाडाकडे

बोनमॅरो ट्रान्सप्लांट म्हटलं की ऑपरेशन थिएटर, भूल, हाडाला पाडलेलं भोक असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात रुग्णाच्या खाटेशेजारी एक पिशवी टांगलेली असते आणि रक्त चढवतात तशाच मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, त्याच्या शिरेत सोडल्या जातात. रुग्णाच्या हाडाला कुणी हातही लावत नाही. मग त्या पेशी हाडात पोचतात कशा? या विषयातलं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट ८ ते १० दिवस. ही झीज भरून काढायला शरीर दर सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी घडवतं. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः मणके, बरगड्या, छातीचं हाड आणि कमरेची हाडं यांच्या मज्जेत चालतं. त्याच्या मुळाशी असतात मोजक्या मूळपेशी. त्या स्वतःसारख्याच नव्या मूळपेशी घडवतात आणि रक्तातली कुठलीही पेशीही त्यांच्यापासूनच निपजते.

टोरोंटोत टिल आणि मॅकलॉक या संशोधकांनी १९६१ मध्ये याचा पुरावा दिला. किरणोत्साराने मज्जा निकामी केलेल्या उंदरांच्या शिरेत त्यांनी मज्जेतल्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी प्लीहेवर गाठी दिसल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी. अशी एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे पुढे दोनच वर्षांत सिद्ध झालं.

आता तो प्रवास. दंडाच्या किंवा छातीच्या शिरेतून निघालेली मूळपेशी हृदयाच्या उजव्या बाजूला येते, फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला जाते आणि तिथून साऱ्या शरीरभर. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं आणि अंगात रक्तही साधारण तेवढंच असतं. त्यामुळे एक फेरी मिनिटभरात होते. मज्जेतल्या पेशी एक विशिष्ट प्रथिन सोडत असतात आणि ते ओळखणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, मूळपेशीच्या अंगावर असतो. त्या प्रथिनाची तिला ओढ असते. मज्जेतल्या रुंद, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांत आली की ती मंदावते, भिंतीवरून घरंगळते, चिकटते आणि भिंत ओलांडून आत शिरते. गर्भातही हेच घडलेलं असतं: यकृतात रक्त घडवणाऱ्या मूळपेशी रक्तावाटेच हाडांत येऊन वसतात.

मज्जेशी बांधून ठेवणारी ही ओढ सैल करता येते, आणि दात्याचं काम त्यामुळेच फार सोपं झालं आहे. चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली की मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त काढून यंत्र त्या वेगळ्या करतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत देतं. काही तास लागतात, भूल लागत नाही. कधीकधी आजही भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. ती काही आठवड्यांत भरून येते. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं, तेव्हा भावाची मज्जा बहिणीला दिली होती. पण दाता आणि रुग्ण यांच्या ऊती जुळाव्या लागतात, आणि सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी व्हायची शक्यता चारात एकच. थॅलेसेमियाच्या किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या कितीतरी रुग्णांना म्हणूनच अनोळखी दाता शोधावा लागतो. दाता म्हणून नोंदणी करायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना पुरतो.