सिद्ध न होणं म्हणजे खोटं ठरणं नव्हे

आयडेबेनोन हे औषध जपानात मेंदूच्या विकारांसाठी तयार झालं. तिथे ते टिकलं नाही. मग ते वळलं लेबरच्या आनुवंशिक दृष्टिविकाराकडे. हा आजार आईकडून येतो. बहुतेक तरुण मुलांची आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याची मधली नजर जाते.

पेशीतल्या मायटोकॉण्ड्रियात इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने पुढे जातात, त्यावर ऊर्जा बनते. या रोगात पहिलाच टप्पा बिघडलेला. आयडेबेनोन त्याला वळसा घालून इलेक्ट्रॉन थेट तिसऱ्या टप्प्याला पोचवतं.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८५ रुग्ण होते. रोज ९०० मिलिग्रॅम, २४ आठवडे. आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापात औषध आणि नुसती दिखाऊ गोळी यांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तरीही २०१५ मध्ये युरोपने ‘अपवादात्मक परिस्थिती’ म्हणून मान्यता दिली. पुढे माहिती गोळा करत राहायची, ही अट घालून.

मग हा पक्षपात झाला का? मला तसं वाटत नाही. रुग्णच मूठभर, तर मोठी चाचणी होणार कुठून? पण मंडळी, उलट बाजूही धरून ठेवा: मान्यता म्हणजे सिद्धता नव्हे. नजर जात असलेल्या मुलाच्या आईला ही दोन्ही वाक्यं सांगायला हवीत, एकच नाही.