नाताळच्या ताटातली पाच शतकं

करंजी पोर्तुगालहून आली असं कुणी म्हणणार नाही. तरी गोव्यातल्या ख्रिस्ती घरात नाताळचं ताट भरायला घेतलं की पहिला मान बहुधा तिचाच. नाव तेवढं नेवरी. आत खोबरं, रवा, साखर, तीळ किंवा खसखस, वेलची आणि घरात असतील ते काजू-बेदाणे. जवळपास हीच नेवरी वाड्यावरच्या हिंदू घरात चवथीला गणपतीपुढे मांडतात.

या ताटात गोव्याचा गेल्या पाचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका पोर्तुगीज नाही.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. दोन्ही बंदरं एका सत्तेखाली आली आणि त्यांच्यात जहाजांची ये-जा वाढली. मलायी बेटांवरचा दोदोल गोव्यात आला तो बहुधा याच वाटेने. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ असा त्याचा ऐवज. यातलं काहीच कोकणाला परकं नव्हतं, त्यामुळे तो परका म्हणून कधी राहिलाच नाही. तांब्याच्या भांड्यात तो तासन् तास घोटावा लागतो. कडेने तेल सुटू लागलं आणि गोळा भांड्याला चिकटेनासा झाला की उतरवायचा. पेरू आणि काजू दक्षिण अमेरिकेकडून पोर्तुगीजांनीच आणले. पोर्तुगालमध्ये क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी करतात. गोव्यात ते फळ मिळेना, मग पेरूची केली, तीच पेराद. वसई-मुंबईकडच्या मार्झिपानमध्ये बदामाच्या जागी काजू आले, तेही याच धर्तीवर. बदाम विकत आणावे लागत, काजू परसात.

अंड्याच्या बलकाची कथा निराळी. पोर्तुगालच्या मठांमधून बलक आणि साखर यांच्या मिठाया करायची मोठी परंपरा होती. जुन्या गोव्यात 1606 मध्ये सांता मोनिकाचा जोगिणींचा मठ उभा राहू लागला. बेबिंका तिथल्याच एका जोगिणीने प्रथम केली आणि तिचे सात थर लिस्बनच्या सात टेकड्यांवरून आले, असं गोव्यात सांगतात. दंतकथा गोड आहे, पण पुरावा म्हणून धरायची नाही. फिलिपाइन्सपर्यंत पसरलेला बिबिंका नावाचा पदार्थ पाहिला तर एकट्या जोगिणीला सगळं श्रेय देणं जड जातं.

करायची रीत मात्र पाहण्यासारखी. नारळाचं दूध, मैदा, साखर, डझनभर किंवा त्याहून अधिक बलक आणि जायफळ एकत्र करायचं. तुपाने माखलेल्या भांड्यात एक डाव ओतायचा आणि वर निखाऱ्यांचं झाकण ठेवायचं, कारण आच वरून लागायला हवी. निखारे बहुतेकदा नारळाच्या सोडणांचे किंवा करवंट्यांचे. थर बदामी झाला की झाकण काढायचं, चमचाभर तूप, पुन्हा एक डाव. घाई केली तर थर कच्चा राहतो आणि कापताना सुटतो, रेंगाळलं तर करपतो. सात थर लावायचे म्हणजे दुपार गेलीच.

राज्यकर्त्यांचं लक्ष स्वयंपाकघराकडे नव्हतं असं नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये सुरू झालं, ते 1812 मध्ये संपलं. त्याने 1736 मध्ये काढलेल्या हुकूमनाम्यात देशी ख्रिस्त्यांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये, इथवर बारकावा आहे. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात हे सगळं सविस्तर मांडलं आहे. ज्यांची नजर भाताच्या मिठापर्यंत पोचत होती, त्यांच्या राज्यात नेवरी टिकून राहिली. पोर्तुगालच्या नाताळात मिरवणारे दुधात भिजवून तळलेले पावाचे काप किंवा लिस्बनचा बोलो रेई मात्र गोव्याच्या ताटात रुजले नाहीत. जे रुजलं ते बहुतेक नारळात बुडूनच रुजलं. हरभऱ्याच्या डाळीचं दोस, रव्या-खोबऱ्याच्या बोलिन्यास, बाथ, कोकाद ही त्याची उदाहरणं.

वसईचा प्रवास वेगळा. तिथे 1534 ते 1739 अशी दोन शतकं पोर्तुगीज अंमल होता. मग चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पुढे इंग्रज आले. सत्ता गेली, गोड पिठाचे तळलेले कुलकुल राहिले. मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती समाजातल्या अनेकांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केलं. त्यांच्या ताटात रवा, खोबरं आणि बदाम घालून थाळीत भाजलेलं ‘थाली स्वीट’ असतं, मार्झिपान असतं आणि करंज्याही असतात. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत तर हा पोर्तुगीज धागाच नाही. तिथे 1831 मध्ये आली ती अमेरिकन मिशन, आणि नाताळला चकली, शंकरपाळी, अनारसे, लाडू असा सरळ दिवाळीचाच फराळ.

कुलकुलांना माणसं लागतात. सुपारीएवढी गोळी काट्याच्या किंवा नव्या कोऱ्या फणीच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळी करत सोडवायची, की अंगावर रेघा उमटतात. गोव्यात याला किडयो म्हणतात आणि आकार पाहिला की ते पटतं. एकट्या बाईने किलोभर पिठाचे करायचे म्हणजे शिक्षाच. म्हणून शेजारणी आणि पोरं टेबलाभोवती जमत, कच्चं पीठ पोटात जाई आणि कामही उरके.

भट्टी घरोघरी नव्हती. खाली-वर निखारे ठेवून बाथ भाजत, किंवा गावच्या पोदेराकडे पाव निघाल्यावर थाळे पाठवत. शहरांत पुढे विजेचे गोल ॲल्युमिनियमचे ओव्हन आले आणि पोदेराकडची रांग ओसरली. ताटातलं काही गावाबाहेरही जाई. गोव्याचे तारवटी बोटींवर असत किंवा मुंबईत धोबी तलावाच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या उतरायच्या क्लबांमध्ये, पुढच्या बोटीची वाट पाहत. दोदोल, पेराद असे टिकणारे जिन्नस गावाहून त्यांच्यापर्यंत पोचत. नाताळ संपून गेला असला तरी चाले. घरात त्या वर्षी मयत झालेलं असेल तर तिथे तळण होत नसे, पण शेजारपाजारची ताटं येत.

आता डिसेंबरात म्हापशाच्या बाजारात, वांद्र्यात, वसईत सगळं ताट तयार मिळतं आणि घरगुती ऑर्डरी फोनवर घेतल्या जातात. वेळ खाणारे दोदोल आणि बेबिंका घरातून आधी गेले. नेवऱ्या नि कुलकुल अजून बऱ्याच घरी होतात, निदान एक घाणा तरी. बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नेवरीसाठी असा अर्ज करायचा झाला तर वेंगुर्ल्यापासून वसईपर्यंत आणि देशावरही हरकत घेणारे निघतील.