श्रावणी सोमवारची डाळिंब्यांची उसळ

श्रावणी सोमवारचा उपवास दिवेलागणीस सोडावयाचा आणि पानांत डाळिंब्यांची उसळ नाहीं, असें कोंकणांतून आलेल्या घरांत सहसा घडत नाहीं. कांदा-लसूण वर्ज्य असतांना पानाला एवढी चव आणणारा दुसरा पदार्थ नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. (देशावरच्या मैत्रिणींनीं रागावूं नये!) कायस्थ प्रभु मंडळी हिलाच बिरडें म्हणतात.

वाल घ्यावयाचे ते कडवे. रायगड जिल्ह्यांत भाताच्या कापणीनंतर जमिनींत उरलेल्या ओलीवर ते पिकतात. दहा-बारा पानांस अर्धा किलो पुरतात. शनिवारीं रात्रीं भिजत घालावे, रविवारीं सकाळीं उपसून फडक्यांत बांधावे. भिजविलेलें पाणी फेंकूनच द्यावें. कच्च्या वालांत थोडें विषारी द्रव्य असतें, तें भिजवून व नीट शिजवूनच कमी होतें. पावसाळी हवेंत मोड सावकाश येतात. सोमवारीं दुपारपर्यंत धीर धरावा.

मग सोलणें. कोमट पाण्यांत टाकून चिमटींत दाबलें कीं डाळिंबी सालींतून सटकन् बाहेर येते. हें काम एकटीचें नव्हे. आमच्याकडे माजघरांत परात मध्यें ठेवून सासूबाई, जाऊबाई, नणंदा, मुलें सारीं बसत, आणि सासरच्या निम्म्या गोष्टी मला तेथेंच कळल्या.

माझ्या पहिल्याच श्रावणांत शिवामूठ वाहून देवळांतून परतावयास उशीर झाला. घाईघाईनें मीं डाळिंब्यांबरोबरच आमसुलें व गूळ पातेल्यांत टाकला. तास झाला तरी दाणा बोटानें दबेना. पानें मांडलीं गेलीं. दिवसभराचे उपाशी मामंजी पाटावर बसले. त्यांनीं पहिला घांस घेतला, दाढेखालीं कट्कन् वाजलें, आणि कांहीं न बोलतां ते वरणभाताकडे वळले. मी दाराआड उभी; रडूं आवरेना. सासूबाई त्या दिवशीं मला एक शब्दही बोलल्या नाहींत. पुढच्या सोमवारीं मात्र "सूनबाई, इकडे ये आणि नुसतें पाहा," म्हणून त्यांनीं मला शेगडीपाशीं उभें केलें.

तेलांत मोहरी, हिंग, हळद. त्यांत डाळिंब्या हलक्या हातानें परतून वर झांकण, आणि झांकणांत पाणी. तेंच गरम पाणी लागेल तसें आंत ओतावयाचें. डावानें ढवळावयाचें नाहीं, पातेलेंच धरून हलवावयाचें. नाहींतर डाळिंब्या मोडून पिठलें होतें. दाणा बोटांत सहज दबला कीं मगच आमसूल, गूळ, मीठ, गोडा मसाला, आणि वाटलेलें जिरें-खोबरें. आंबट आधीं पडलें तर दाण्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारें द्रव्य लवकर विरघळत नाहीं, हें मीं पुढें पुस्तकांत वाचलें. सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "आमसूल दिसलें कीं वाल हट्टाला पेटतो."

प्रेशर कुकर मी या कामीं वापरीत नाहीं. एक शिटी अधिक झाली कीं लगदा. सोललेल्या डाळिंब्या आतां बाजारांत मिळतात. एका श्रावणांत मीं त्या आणल्या. दुपारीं तीनला सासूबाई नेहमीप्रमाणें माजघरांत येऊन बसल्या, आणि "परात कुठें आहे ग?" म्हणून विचारूं लागल्या. मला उत्तर सुचेना. तेव्हांपासून वाल घरींच भिजतात. सासूबाईंना ब्याऐंशीवें वर्ष चालू आहे, दिसतें बेताचेंच. पण साल सुटली कीं नाहीं हें त्यांच्या बोटांना बरोबर कळतें, आणि माझ्या वाटीतली एखादी सालीसकट राहिलेली डाळिंबी त्या अजूनही मला परत देतात.