सदिच्छेकडून दानाकडे : ख्रिस्ती जीवनातील औदार्याची घडण

प्रस्तावना

दान करावे असे वाटणे आणि प्रत्यक्ष दान देणे या दोन भिन्न अवस्था आहेत. पहिली क्षणात निर्माण होते. दुसरीसाठी निर्णय, शिस्त आणि व्यवस्था लागते. मराठवाड्याने हा भेद अनुभवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतील सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. परंतु ५२ गावांची संपूर्ण पुनर्बांधणी हे आठवड्याभराच्या कळवळ्याने होणारे काम नव्हते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेला पुनर्वसन प्रकल्प १९९८ पर्यंत चालला. गावे दत्तक घेणाऱ्या सेवाभावी संस्थांनाही वृत्तपत्रांतील मथळे ओसरल्यानंतर पुरेल असे दान आवश्यक होते. सदिच्छेचे अशा टिकाऊ दानात रूपांतर कसे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात ख्रिस्ती परंपरेच्या आधारे केला आहे.

करिंथच्या मंडळीचे उदाहरण

या प्रश्नाचे सर्वांत जुने ख्रिस्ती विवेचन नव्या करारात, पौलाच्या पत्रांत आढळते. इ. स. ५५ च्या सुमारास यरुशलेममधील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल निधी गोळा करीत होता. करिंथच्या मंडळीने या कार्याची उत्सुकता सर्वांआधी दाखविली होती. मात्र वर्ष उलटले तरी काम अपुरेच राहिले होते. याउलट, स्वतः दारिद्र्यात असलेल्या मासेदोनियातील मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिले होते. करिंथकरांच्या इच्छेविषयी पौलाला शंका नव्हती. ती इच्छा पूर्णत्वास न्यावी, एवढाच त्याचा आग्रह होता.

त्यासाठी त्याने दिलेल्या सूचना व्यवहार्य आहेत. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, म्हणजे ऐनवेळी वर्गणी गोळा करण्याची पाळी येणार नाही. दान स्वखुशीने ठरवावे. त्यात सक्ती नसावी. दानाचे मोल माणसाजवळ जे आहे त्यावरून ठरते, नाही त्यावरून नव्हे. निधी नेण्यासाठी तीताबरोबर मंडळ्यांनी विश्वासाने नेमलेली माणसे असावीत, म्हणजे व्यवहाराविषयी कोणाला संशय घेण्यास जागा उरणार नाही. नियमितता, प्रमाण, स्वेच्छा आणि विश्वासार्ह हिशेब ही चार तत्त्वे येथे स्पष्ट होतात. पुढे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मासेदोनियाबरोबर अखयाचाही, म्हणजे करिंथ ज्या प्रांतात होते त्या प्रांताचाही, दानकर्ता म्हणून उल्लेख येतो. रेंगाळलेली सदिच्छा अखेर फळास आली.

पंडिता रमाबाई आणि दहा वर्षांचे वचन

महाराष्ट्राच्या इतिहासात या तत्त्वांचा प्रत्यय पंडिता रमाबाईंच्या कार्यात येतो. १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांच्या व्याख्यानांनी श्रोते हेलावले. परंतु ही सहानुभूती सभागृहात विरून गेली नाही. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विविध ख्रिस्ती पंथांचे लोक तिच्यात होते. गावोगावच्या मंडळांतील सदस्यांनी दरवर्षी लहानशी ठराविक रक्कम दहा वर्षे देण्याचे वचन दिले. याच आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

१८९३ मध्ये सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून येथील सल्लागार मंडळाच्या सदस्यांनी राजीनामे दिले, तरीही अमेरिकेतील साहाय्य थांबले नाही. विशेष म्हणजे, वचनाची मुदत संपणार हे ठाऊक असल्याने रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर संस्था स्वावलंबी व्हावी, हा त्यामागील हेतू होता. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना आसरा देण्यास हीच जमीन उपयोगी पडली. देणाऱ्यांचा शब्द निश्चित होता, म्हणूनच घेणारीला भविष्याचा विचार करता आला.

नियम आणि प्रेम

दान नियमाने बांधले तर त्यातील प्रेम आटते, असा आक्षेप घेतला जातो. केवळ नियमपालनाचा अभिमान बाळगणाऱ्या दशमांशावर येशूनेही टीका केली आहे. तथापि नियम प्रेमाची जागा घेत नाही. प्रेम ओसरते त्या दिवसांत तो दानाला आधार देतो. मराठवाड्यातील इतर परंपराही याची साक्ष देतात. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबचा अखंड लंगर शीख परंपरेतील सेवा आणि दसवंधाच्या शिकवणीवर उभा आहे. या भागात रुजलेल्या लिंगायत परंपरेत कायकाला दासोहाची जोड आहे, तर इस्लाममध्ये जकातीचे प्रमाण निश्चित आहे.

ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांच्या बाबतीत प्रमाणाचे तत्त्व विशेष महत्त्वाचे ठरते. कोरडवाहू शेतकरी किंवा शेतमजूर यांचे उत्पन्न मासिक वेतनासारखे निश्चित नसते. सर्वांना एकच रक्कम ठरविल्यास दुष्काळी वर्षात गरीब सदस्य संकोचाने मंडळीपासून दूर राहू शकतो. हंगामाच्या सणाला धान्य अर्पण करण्याची प्रथा म्हणूनच अर्थपूर्ण आहे. पीक येईल त्या मानाने अर्पण, हा न्याय तीत आहे. येशूने विधवेच्या दोन नाण्यांना श्रीमंतांच्या अर्पणापेक्षा अधिक लेखले, ते याच न्यायाने.

समारोप

सदिच्छा हे औदार्याचे बीज होय. परंतु बीज कणगीत राहिले तर पीक येत नाही. उत्पन्न हाती येताच वाटा वेगळा काढणे, ऐपतीनुसार प्रमाण ठरविणे, मुदतीचे वचन देणे आणि हिशेब उघडा ठेवणे, या साध्या व्यवस्थांतूनच ते रुजते. भूकंपग्रस्ताला पहिल्या दिवशी अन्न लागते आणि तिसऱ्या वर्षी घर. दोन्ही वेळी हात पुढे करणारा दाता कळवळ्याइतकाच शिस्तीने घडतो.